मास्तरांनी पुन्हा लिहिलेला चांझू

आमच्या डोंगरावर माणूस मेल्याशिवाय त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. मेला की मात्र बघा! तंबू येतो, भाड्याच्या खुर्च्या येतात, लाऊडस्पीकर येतो, आणि थडग्याशी उभं राहून त्याचा जीवनवृत्तान्त वाचतात. जन्म कुठं, शाळा कुठली, बाप्तिस्मा कधी, लग्न कुणाशी, मागे कोण कोण राहिलं. तो कागद नसला तर लोक वर्षभर बोलून दाखवतात, कुत्र्यासारखं पुरलं म्हणून. चावकालीच्या बाजारात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे मरणाचे हे सगळे कागद माझ्याच हातून जातात. आणि लिहिणारा माणूस वर्षानुवर्षं एकच, हेझ्रॉन अडागाला मास्तर.

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. लिहिणं असं की वाचणाऱ्यानं मेलेल्याचा हेवा करावा. उभ्या जन्मात एका जागी न टिकलेला भामटा मेला, तर मास्तर लिहायचे, ‘व्यवसायानिमित्त त्यांचा प्रवास मोठा होता.’ सासूला छळणारी बाई मेली, तर ‘त्या स्पष्टवक्त्या होत्या.’ मी टाइप करताना हसायची आणि मास्तर गंभीर तोंड करून म्हणायचे, “इमाली, यात हसण्यासारखं काय आहे? चुकीचं एक अक्षर दाखव.” आणि हातभट्टी पिऊन पिऊन जे मरत, आमच्याकडे ते काही थोडे नाहीत, त्यांच्यासाठी एकच वाक्य ठरलेलं होतं: ‘अल्पशा आजाराने प्रभूला प्रिय झाले.’ घरच्यांची अब्रू राहायची, पास्टरचं काम सोपं व्हायचं. मोबदला म्हणून मास्तर एक कोंबडी घेत. दारूला स्वतः कधी शिवले नव्हते.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा चांझू गेला. नळाची कामं करायचा, हातात कसब होतं, पण मेल्याला भट्टीनं पुरता खाल्ला. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, सगळ्या गावानं पाहिलेलं. त्याचा वृत्तान्त मास्तरांनीच लिहिला आणि स्वतःच वाचला. आवाज कापला नाही. ‘अल्पशा आजाराने.’ लोकांनी आमेन म्हटलं, रांगेनं येऊन हात मिळवले, काय सुंदर लिहिलंत मास्तर म्हणाले. आणि त्याच रात्रीपासून मास्तर प्यायला लागले.

चार वर्षांत त्यांची काय दशा झाली ते मी बोलू नये. मेलेल्यांचे कागद ते तरीही लिहीतच होते, पण कोंबडीच्या जागी आता बाटली घेत. अक्षर इतकं थरथरायला लागलं की मला ओळी लागेनात. एकदा चहाच्या मळ्याच्या चरात पडून पाय फाडून घेतला, म्हणून दवाखान्यात गेले, आणि तिथं मिनायो सिस्टरच्या तावडीत सापडले.

मिनायो आमच्या दवाखान्यातली नर्स. कुठलंसं शिक्षण घेऊन आली होती आणि शनिवारी दुपारी मागच्या खोलीत पिणाऱ्यांना आणि मन बुडालेल्यांना बसवून लिहायला लावायची. शेगडीवर चहाचं आधण ठेवायची. ते उकळेपर्यंत पेन उचलायचं नाही, जे मनात सलतंय ते लिहायचं. शुद्धलेखन नाही, मार्क नाहीत. दाखवायचं तर दाखवा, नाहीतर त्याच शेगडीत घाला.

मी पहिल्यापासून तिथं होते. मला दारूचं काही नव्हतं. नवरा गेल्यावर मला उठावंसंच वाटत नव्हतं. दुकानाची कडी काढायची म्हटलं तरी रडू यायचं. सिस्टर घरी आली तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते, “लिहून काय माझा नवरा परत येणार आहे?” ती म्हणाली, “नाही येणार. पण तू तरी परत ये.” शनिवारी मी गेले. आणि खरं सांगते, नवऱ्यावर मी इतकी चिडलेली आहे हे मला कागदावर उमटेपर्यंत ठाऊक नव्हतं. कोरा कागद कुणाला परवडतोय, म्हणून लिहायला माझ्याच दुकानातले वाया गेलेले कागद नेत होते. एका बाजूला कुणातरी मेलेल्याचा फोटो, दुसऱ्या बाजूला आम्ही.

मास्तर पहिल्या शनिवारी आले ते टाय लावून. पेन घेतलं, हात थरथरत असतानाही भराभर लिहिलं आणि कुणी विचारलं नसताना उभे राहून वाचायला लागले. “दिवंगत हेझ्रॉन अडागाला यांचा जन्म...”

सिस्टरच्या हातातला चमचाच पडला. “मास्तर! अहो, हे काय? तुमच्या मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?”

“वेडंवाकडं काय त्यात? स्वतःबद्दल लिहा म्हणालात. माणसाबद्दल असंच लिहितात.”

“जिवंत माणसाबद्दल?”

“जिवंत माणसाबद्दल लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही,” मास्तर म्हणाले. आणि ते खरंच होतं हो. आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. सिस्टरनं तरीही त्यांना बाजूला नेऊन चांगलं खोदून विचारलं, मगच घरी सोडलं.

किडिगा म्हणून एक मोटरसायकलवाला आमच्यात होता. भाड्यानं माणसं ने-आण करायचा, आणि पिऊन दोनदा पडला म्हणून बायकोनं त्याला तिथं आणून बसवलं होतं. तोंडाचा फाटका. तो दर शनिवारी विचारायचा, “मास्तर, मेलात का पुरते? कुठवर आलं?” मास्तरांचं शाळेपर्यंत आलं, लग्नापर्यंत आलं, नोकरीपर्यंत आलं. आजारपणाच्या परिच्छेदाशी मात्र पेन अडायचं ते अडायचंच. चहा उकळून खाली उतरायचा आणि मास्तर तसेच बसलेले.

“एवढं काय त्यात?” किडिगा एकदा म्हणाला. “तुमचं ठरलेलं आहे की. अल्पशा आजाराने.” आणि स्वतःच हसून पुढं म्हणाला, “पण मास्तर, अल्पसा म्हणजे किती? चार वर्षं?”

कुणी हसलं नाही. मास्तर उठले. काठी घेतली आणि निघून गेले. मी किडिगाला असं झाडलं की विचारू नका. “जिभेला हाड नाही का रे तुझ्या? म्हातारा परत आला नाही तर तुझ्या मानेवर बसेन.” तो बिचारा कानकोंडा झाला.

दोन शनिवार मास्तर आले नाहीत. तिसऱ्याला आले, टाय नव्हता, आणि कुणाकडे न बघता लिहायला बसले. या वेळी शाळेतली भारदस्त इंग्रजी नव्हती, आमची घरातली भाषा होती. वाचलं नाही, पण मी शेजारी बसले होते, मला पहिली ओळ दिसली. ‘माझा मुलगा चांझू दारूनं मेला, आणि मी लिहिलं की तो दारूनं मेला नाही.’

तेव्हापासून ते चांझूच लिहायला लागले. लिहायचे, शेगडीत घालायचे, पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. सिस्टरनं गोळ्या दिल्या, दारू हळूहळू कमी करत आणली, मग बंद केली. जादू झाली असं मी म्हणणार नाही. दोनदा घसरलेही. पण डोळे निवळले. दुकानात आले तर टेबलाला न धरता उभे राहायचे. मला इतका आनंद व्हायचा की मी उगाच त्यांच्यावर ओरडायची.

एके दिवशी ते दुकानात आले आणि माझ्यासमोर कागद ठेवला. “हा टाइप कर. याला शेगडीत घालायचं नाही.”

चांझूच्या थडग्याला सिमेंट करायचं ठरलं होतं. आमच्याकडे थडगं घराच्या अंगणातच असतं. मास्तरांच्या दाराशी, केळींच्या कडेला. चार वर्षं नुसता मातीचा ढीग होता. आता मास्तरांच्या बहिणींनी पैसे जमवले होते, त्या दिवशी प्रार्थना होणार, सगळं गाव जेवायला येणार. मास्तरांना तिथं चांझूचा वृत्तान्त पुन्हा वाचायचा होता. खरा.

मी विचारलं, “वहिनींना सांगितलंत?”

“नाही.”

“मग मी टाइप करणार नाही. घरात आग लावायला मी काडी देणार नाही, मास्तर.”

ते बाकावर बसले. “इमाली, मी एवढ्या लोकांचं खोटं लिहिलं त्याचं मला काही वाटत नाही. ती लोकांची मुलं होती, लोकांनी मागितलं. हा माझा होता. त्याच्या मरणाची लाज वाटली मला. बापाला लाज वाटली, आणि पोर जमिनीत गेलं. हे मी तिथं उभं राहून सांगितलं नाही ना, तर मी प्यायला परत जाणार. मला माहीत आहे. तुला धमकी देत नाही, जे आहे ते सांगतोय.”

मी जाऊन सिस्टरला सांगितलं. तिनं मास्तरांना आधीच बजावलं होतं की आता पुन्हा सुरू झालं तर लिव्हर साथ देणार नाही. म्हणजे त्या एका कागदावर म्हाताऱ्याचा जीव होता, आणि तो कागद माझ्या टेबलावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी कगेहावहिनी आल्या. मास्तरांची बायको, चर्चमधल्या बायकांची पुढारी, डोक्याला पांढरा रुमाल, मोजकं बोलणारी बाई. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांनी सांगितलं मला. तू ते छापायचं नाहीस.”

“वहिनी, सगळ्या गावाला माहीत आहे तो कशानं गेला.”

“माहीत असणं वेगळं. थडग्याशी म्हणणं वेगळं.” त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. “माझ्या पोराला झाकून ठेवलाय मी. तुम्ही शनिवारी बसून काय काय उकरता ते मला ठाऊक नाही. पण माझं अंगण उकरायचं नाही.”

“आणि मास्तर परत प्यायला लागले तर?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे शब्द गिळावेसे वाटले. “चार वर्षं त्यांना उचलून आत कोण नेतंय, तू की मी?” म्हणाल्या, आणि गेल्या.

मी रात्रभर तळमळले आणि सकाळी टाइप केलं. एकच प्रत. बाईचं म्हणणं मला पटत होतं, पण ती जिवंत राहणार होती आणि मास्तर राहणार नव्हते, एवढाच माझा हिशेब. चुकला असेल तर चुकला.

प्रार्थनेच्या दिवशी अंगण भरलं होतं. सिमेंट अजून ओलसर होतं, त्याच्या भोवती दोरी बांधली होती. मागे चुलीवर कोंबड्या शिजत होत्या, मक्याच्या पिठाच्या उगालीचं मोठं पातेलं चढलं होतं. पास्टरची प्रार्थना झाली, एक गाणं झालं. मास्तर उठले. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नजर जमिनीवर. किडिगानं माझा हात घट्ट धरला होता. त्याला म्हटलं, “मेल्या, हात मोडशील.” पण सोडवून घेतला नाही.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. “चांझू लहानपणी पाण्याला घाबरायचा, आणि मोठा होऊन नळाचं काम शिकला. त्यानं या डोंगरावरच्या निम्म्या घरांत पाणी आणलं. तो दारूनं मेला. पहिल्यांदा प्यायला तेव्हा मी त्याला मारलं. मग बोलणं सोडलं. शेवटच्या वर्षी तो याच घरात होता आणि मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवलो नाही. तो मेल्यावर मी लिहिलं की अल्पशा आजाराने. तो आजार अल्पसा नव्हता. तो सगळ्यांना दिसत होता, आणि मी शिकलेला माणूस, मला त्याचं नाव लिहिता आलं नाही.”

पुढचं त्यांना वाचवेना. मग मास्तरांचे थोरले चुलतभाऊ मागून ओरडले, “हेझ्रॉन, पुरे झालं! घरातली घाण चारचौघांत कशाला? बस खाली!” दोन-तीन माणसं हो हो म्हणाली. पास्टरनं घाईघाईनं गाण्याचा पहिला शब्द उचलला.

“गाणं थांबवा,” वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या. मला वाटलं, आता कागद हिसकावून घेणार, फाडणार. त्या मास्तरांजवळ गेल्या, पण कागदाला हात लावला नाही. लोकांकडेही पाहिलं नाही. नवऱ्याकडे बघून बोलल्या, लाऊडस्पीकर तोंडाशीच होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

“हे अर्धंच लिहिलंत तुम्ही. शेवटची बाटली मी आणून दिली होती.”

मास्तरांनी हातातला कागद खाली केला.

“दोन दिवस प्यायला नव्हता तो. मीच कोंडून ठेवला होता, सुटेल म्हणून. थरथरत होता. भिंतीवर किडे चढतायत म्हणत होता. आई, थोडी आण म्हणाला, मी मरतोय. तुम्ही शाळेच्या बैठकीला गेला होतात. मी भट्टीवर गेले. मी, चर्चमधली कगेहा. बाटली पोलक्यात लपवून आणली. हातानं पाजली त्याला. शांत झाला. मांडीवर डोकं ठेवून झोपला, तो उठलाच नाही.”

कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली.

“ती संपली नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. पुरून आल्यावर त्या रात्री तुम्हाला ती सापडली. तुम्हाला वाटलं, पोरानं लपवलेली. मला सांगता आलं असतं. मी दारात उभी राहून बघत होते.”

मास्तरांनी विचारलं, “चार वर्षं... बोलली का नाहीस?”

“तुम्ही वाचलंत ना,” त्या म्हणाल्या. “याच जागी उभं राहून वाचलंत, अल्पशा आजाराने, आणि सगळ्या गावानं आमेन म्हटलं. त्यानंतर मी कुणाला काय सांगायचं होतं?”

मास्तर खाली बसले ते थेट मातीतच. किडिगा धावला, मी धावले. लोक जेवले की नाही मला आठवत नाही, मी तरी जेवले नाही.

त्या शनिवारी मास्तर आले नाहीत. आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो होतो. आधण ठेवून झालं होतं, इतक्यात कगेहावहिनी आत आल्या. रुमाल नीट बांधलेला, चपला बाहेर काढलेल्या. मी सरकून जागा दिली.

“मास्तर?” सिस्टरनं हळूच विचारलं.

“घरी पडलेत. प्यायलेत.” त्या बसल्या. माझ्या हातातला कागद स्वतःच ओढून घेतला. मग सिस्टरला म्हणाल्या, “एक सांग. माझ्या त्या बाटलीनं मेला का तो?”

सिस्टरनं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाली, “सांगता येत नाही, काकू. एकदम दारू तोडल्यानंही अशी माणसं जातात. त्याला हॉस्पिटल हवं होतं. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही.”

वहिनींनी मान हलवली. रडल्या नाहीत. पेन हातात धरलं आणि मला म्हणाल्या, “निघताना त्यांना उठवलं मी. म्हटलं, मी लिहायला चाललेय, काय लिहिणार तेही सांगून जाते. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. डोळे मिटूनच होते, पण ऐकत होते.”

आणि त्या लिहायला लागल्या.